क्लिक बंद केला तेव्हा

लोकगीतांच्या वळणाची गाणी लिहायची आणि गिटार घेऊन गायची, एवढंच मला येत होतं. पहिला अल्बम एका कंपनीने काढला. पुढे त्यातलं एक गाणं कुणीतरी वापरायला मागितलं, तेव्हा कुठे करार नीट उघडून वाचला. शब्द माझे, चाल माझी, गळा माझा. रेकॉर्डिंग मात्र कंपनीचं. रचनेचा हक्क वेगळा आणि ध्वनिमुद्रणाचा वेगळा, हे सही केल्यावर कळून काय उपयोग!

मग ठरवलं, पुढचं सगळं आपणच करायचं. इंटरफेस, म्हणजे माइक संगणकाला जोडणारी डबी, आणि कंडेन्सर माइक आणला. त्या माइकला ४८ व्होल्टचा फँटम पॉवर, म्हणजे माइकच्या वायरमधूनच जाणारी वीज, लागतो, त्यासाठी इंटरफेसवर एक बटण असतं. ते सापडेपर्यंत अख्खी संध्याकाळ माइक बिघडलाय म्हणून हळहळण्यात गेली. नंतर हेडफोनमध्ये माझाच आवाज मला उशिरा ऐकू यायला लागला. बफर, म्हणजे संगणक एका दमात हाताळतो तेवढा आवाजाचा तुकडा, १०२४ सॅम्पलवर होता. ४४.१ किलोहर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ४४,१०० सॅम्पल धरले तर, त्याचे २३ मिलिसेकंद होतात, तेही नुसते एका बाजूचे, आवाज आत जातानाचे. १२८ वर आणल्यावर आवाज जागेवर आला. खोली घुमत होती, म्हणून कपड्यांचं कपाट उघडून त्यात तोंड घालून गायले. हसा खुशाल, इतका कोरडा, स्वच्छ टेक मला पुन्हा मिळालेला नाही.

खरी डोकेदुखी पुढेच होती. क्लिक, म्हणजे हेडफोनमध्ये ठरावीक लयीत वाजणारी टिकटिक, लावून गायले की गाणं सुरात, तालात, सगळं बरोबर आणि तरी मेलेलं. ओळ संपताना मी जरा रेंगाळते, कडव्याआधी श्वास घेते. क्लिक थांबत नाही. कितीतरी दिवस मला वाटत होतं की माझाच ताल कच्चा आहे. शेवटी क्लिक बंद केला आणि गिटार-आवाज एकत्र रेकॉर्ड केले. दोन्ही माइकमध्ये दोन्ही आवाज झिरपतात, त्यामुळे एक ओळ चुकली की अख्खा टेक पुन्हा. नववा टेक जमला. मग सॉफ्टवेअरमध्ये एकेका मात्रेवर खूण करत टेम्पो मॅप, म्हणजे गाण्याची लय कुठे किती याचा नकाशा, बनवला: मिनिटाला ८४ मात्रा, कडव्याच्या शेवटी ७८, मग ८६. बास वाजवणाऱ्या मित्राला तो पाठवला, तर त्याचा फोन, "अगं, हा टेम्पो आहे की ताप?" पण वाजवलं त्याने झकास.

प्रकाशनाचं काम त्यामानाने नुसतं किचकट. प्रत्येक रेकॉर्डिंगला बारा अक्षर-अंकांचा आयएसआरसी, म्हणजे त्याचा ओळख-क्रमांक, आणि कोणाचा किती वाटा हे आधीच लिहून सही. मास्टर, म्हणजे प्रकाशनासाठीची शेवटची फाइल, मी चेपून चेपून कानठळ्या बसवणारा केला होता. स्पॉटिफायने तो आपल्या उणे १४ एलयूएफएसच्या (हे आवाजाच्या मोठेपणाचं माप) हिशेबाने खाली ओढला. मोठा आवाज गेला, चेपलेपणा तेवढा उरला.

ते गाणं ऐकून एका दिग्दर्शिकेने माहितीपटाचं संगीत मला करायला दिलं. मी हौसेने गाणंच लिहून पाठवलं. उत्तर आलं, "छान आहे. पण शब्द काढ, बाई बोलतेय तिथे." शब्द काढले तर चालीत काही उरेचना, माझ्या चाली शब्दांच्या खांद्यावर बसून फिरत होत्या. अकरा खर्डे झाले. शेवटच्यात चार स्वरांची गुणगुण होती, आणि ४० सेकंदांच्या त्या प्रसंगात पहिले १२ सेकंद मी मुद्दाम रिकामे ठेवले. फाइल पाठवली.

दहा मिनिटांत निरोप: "सुरुवातीला आवाज येत नाहीये, पुन्हा एक्सपोर्ट करतेस?"