फोटो चांगला होता

कोयना खोऱ्यातील एका वाडीतून आलेले आजोबा बाह्यरुग्ण विभागात समोर बसले, तेव्हा सीओपीडीचे, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद करणाऱ्या फुप्फुसाच्या आजाराचे, निदान जवळजवळ ठरल्यासारखेच होते. वय सत्तरीच्या घरात, तरुणपणापासूनची बिडी आणि सकाळचा खोकला. त्यांच्यासाठी स्पायरोमेट्रीचा, म्हणजे यंत्रात फुंकायला लावून फुप्फुसे तपासण्याचा, कागद लिहीत असताना सोबतच्या आजींकडे लक्ष गेले, कारण त्या बोलताना वाक्य अर्धे सोडून श्वास घेत होत्या. दम लागतो का, असे विचारले तर ‘नाही’ म्हणाल्या. मग पाणी कोण भरते, बाजाराला कोण जाते, अशी चौकशी केली. हंडा आता सून आणते, वरच्या शेतात जाणे केव्हाच बंद झाले आणि बाजार आजोबाच करतात, असे कळले. धाप लावणारी कामे एकेक करून सुटली होती. मग दम लागणार तरी कशाने?

औषधपाणी झाले नव्हते असे नाही. थंडीत ढास वाढली की जवळच्या दवाखान्यात इंजेक्शन आणि खोकल्याचे पातळ औषध मिळत असे. बेडका तपासून क्षयरोग नसल्याचेही सांगितले गेले होते. छातीचा फोटो काढला, तो चांगला निघाला आणि घरच्यांनी विषय सोडून दिला. सीओपीडीच्या सुरुवातीच्या टप्प्यात एक्स-रे पुष्कळदा स्वच्छच दिसतो. अरुंद झालेल्या बारीक श्वासनलिका त्यात उमटत नाहीत. तो आजार पकडायचा तर रुग्णाला फुंकायलाच लावावे लागते.

म्हणून दोघांचीही तपासणी केली. आजींना ती जमेना. नाकाला चिमटा लावला की त्या हसत, ओठांच्या कडेने हवा निसटे आणि आमची तंत्रज्ञ ‘फुंका, फुंका, अजून, सोडू नका’ असे ओरडून घामाघूम होई. अखेर मनाजोगते आलेख मिळाले. मग श्वासनलिका रुंद करणारे साल्ब्युटामॉल हे औषध स्पेसर नावाच्या नळकांड्यातून दिले, पंधरा मिनिटे बाकावर बसवले आणि पुन्हा फुंकायला लावले. दम्यात या औषधाने आकडे बऱ्याचदा चांगले सुधारतात. इथे फरक किरकोळ होता. पूर्ण श्वासातील हवेपैकी पहिल्या सेकंदात बाहेर पडणारा वाटा औषधानंतरही 0.61 होता. तो 0.70 पेक्षा कमी असेल, तर अडथळा कायमचा समजतात. आजोबांचा अहवाल मात्र सामान्य आला! बिडी ओढणाऱ्या प्रत्येकाला सीओपीडी होतोच असे नाही. पण ‘मग माझं चालू ठेवायला हरकत नाही’ हे त्यांचे अनुमान मला तिथल्या तिथे मोडून काढावे लागले.

आजींनी आयुष्यात बिडीला हात लावला नव्हता. घरात सिलिंडर होता, पण तो चहापुरता. भाकरी आणि अंघोळीचे पाणी चुलीवर, पावसाळ्यात ओल्या लाकडांवर आणि दारे लावून. आपल्याकडे सीओपीडी म्हटले की पुरुषाची बिडी आठवते आणि चुलीपुढे बसणारी बाई तपासणीच्या खोलीपर्यंत पोहोचतच नाही, याचा मला राग येतो.

गेलेली क्षमता परत येत नाही, हे आजींना स्पष्ट सांगितले. मात्र धूर थांबला तर पुढची घसरण मंदावते. श्वासनलिका मोकळ्या ठेवणाऱ्या टायोट्रोपियमची रोज एकदा यंत्रातून ओढायची कॅप्सूल, फ्लूची लस आणि न चुकता चालणे, असे उपचार ठरले. ‘पंपाची सवय लागते’ ही भीती घालवण्यापेक्षा यंत्र नीट वापरायला शिकवण्यात जास्त वेळ गेला. पहिल्या खेपेला त्यांनी ओढण्याऐवजी त्यात फुंकले आणि पांढरी पूड माझ्या टेबलावर पसरली. कॅप्सूल आत फिरल्याची घरघर ऐकू आली तरच औषध गेले, ही खूण त्यांनी पक्की ध्यानात ठेवली.

काही महिन्यांनी त्या आल्या, तेव्हा आकडे जवळपास तेच होते, पण वरच्या शेतापर्यंत एकदा बसून का होईना जाता येऊ लागले होते. चूल पडवीत हलवली आहे आणि भाकऱ्या आता सून थापते, असे आजोबांनी कौतुकाने सांगितले. पुढच्या खेपेला सुनेलाही आणा, असे मी त्यांच्या केसपेपरवर लिहिले आहे.