म्हशीच्या सडांचं मलम आणि माझे हात

गेल्या हिवाळ्यात माझ्या हातांना इतक्या भेगा पडल्या की पहाटे म्हशीखाली बसायची भीती वाटायची. आमचं गाव अमळनेर तालुक्यात. डिसेंबर-जानेवारीत इकडे कोरडी थंडी पडते, त्यातच कापसाची वेचणी. बोंडाची वाळलेली टोकं नखांच्या कडेला रोज त्याच जागी बोचतात. शिवाय दोन वेळची धार, सोड्याने भांडी घासणं, शेण काढणं. अंगठ्याच्या पेरावरची चीर दादरच्या (रब्बी ज्वारीच्या) भाकरी थापताना उघडायची आणि पिठाला रक्ताचा डाग लागायचा. माझी खरखरीत बोटं म्हशीलाही टोचत असावीत. ती पाय उचलायची, पान्हा चोरायची.

सासूबाईंनी हात बघितले. “काय व्हयनं व माय तुना हातले?” म्हणत खोबरेल तेल कोमट करून दिलं. तासभर बरं वाटायचं, मग भांड्यांत हात घातला की पुन्हा तेच.

त्याच सुमारास म्हशीच्या सडांनाही चिरा गेल्या. जनावरांच्या डॉक्टरांनी पिवळसर, घट्ट मलम दिलं. धार झाली की सड पुसून लावायचं. आठवड्यात सड मऊ झाले, आणि ज्या दोन बोटांनी मी मलम लावत होते त्यांच्या भेगाही मिटत आल्या. मुलीने डबीवरचं वाचून दाखवलं: लॅनोलिन आणि पेट्रोलियम जेली. लॅनोलिन म्हणजे मेंढीच्या लोकरीतून निघणारा मेणासारखा पदार्थ. अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये १८९९ पासून गाईच्या कासेसाठी ‘बॅग बाम’ नावाचं असंच मलम हिरव्या डबीत निघतं आणि लोक ते स्वतःच्या हातांनाही लावतात, हेही तिनेच सांगितलं. मला धीर आला.

पण एका पहाटे वीज नव्हती. कोनाड्यात हात घातला आणि भलतीच डबी उघडली. ती जखमेवर माश्या बसू नयेत म्हणून आणलेली, टर्पेंटाइनच्या वासाची. भेगांमध्ये जी आग झाली ती दुपारपर्यंत शमली नाही, बोटं सुजली. मग जळगावला त्वचेच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी दोन्ही डब्या नीट वाचल्या. हात मऊ होतात ते तेलकट थरामुळे, तो कातडीतलं पाणी उडू देत नाही, म्हणाले. साधं व्हॅसलीनही तेच करतं. जनावरांच्या ज्या मलमात अँटिबायोटिक, स्टेरॉइड किंवा माश्या पळवणारं औषध असेल ते माणसाने लावायचंच नाही. युरिया असलेलं मलम उघड्या चिरेवर झोंबतं. लॅनोलिनही काहींना सोसत नाही, म्हणून आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस बघायचं. मला ते सोसलं.

मग रोजचा क्रम ठरला. रात्री सगळं आवरलं की कोमट पाण्याने हात धुवायचे, पुरते कोरडे न करता ओलसर असतानाच मलम चोळायचं आणि वर जुने सुती मोजे चढवून झोपायचं. पहिल्या दोन रात्री मोज्यांनी झोप लागली नाही. भांडी घासताना रबरी हातमोजे घालायला लागले. सोडा भेगेत जाणं थांबलं, आणि माझ्या मते निम्मा गुण त्याचाच.

एक गोष्ट मात्र मी दूध काढणाऱ्या प्रत्येक बाईला सांगते: म्हशीची डबी वेगळी, आपली वेगळी. भेगाळलेल्या हातात जंतू बसतात, तेच सडातून आत गेले की कासदाह, म्हणजे कासेला सूज येण्याचा रोग, होतो. धारेआधी हात साबणाने धुवायचे, सड धुऊन पुसायचे, मलमाचा अंश दुधात जाता कामा नये. सडांवर फोड दिसले तर मलमावर भागवू नका. म्हशींची देवी, हा फोडांचा रोग, धार काढणाऱ्याच्या हातालाही होते. आपली भेग खोल असेल, पू असेल, तर आधी डॉक्टर.

तीन आठवड्यांनी संक्रांत आली. तिळाचे लाडू गरम पाकात वळले, तरी अंगठा उकलला नाही. आता पहाटे सडांना हात लावला की म्हैस पाय उचलत नाही. रवंथ करत उभी राहते आणि पान्हा सोडते.