आधी वीरगळ बघू द्या, मग सांगा

पहिली ते चौथीच्या मुलांना गावाचा इतिहास शोधायला लावायचा, तर मी किल्ल्यापासून सुरुवात करत नाही. मारुतीच्या देवळामागे, वेशीजवळ किंवा पाराला टेकवून ठेवलेल्या कोरीव दगडांपासून, म्हणजे लढाईत मेलेल्या वीरांच्या आठवणीच्या वीरगळांपासून करतो. किल्ल्यावर मुलं पळतात आणि मोठी माणसं भाषण देतात. वीरगळ मात्र मुलाच्या उंचीचा असतो, त्याच्याभोवती सहा जण उभे राहू शकतात आणि त्याची गोष्ट अक्षर न वाचता उलगडता येते.

आदल्या दिवशी, ज्या वेळी मुलांना नेणार त्याच वेळी, मी जागेवर जाऊन येतो. पहिलं काम ऊन बघायचं. झिजलेलं कोरीवकाम समोरून ऊन पडलं की सपाट दिसतं. ऊन दगडाच्या पृष्ठभागाला घासून जात असेल तेव्हाच आकृत्या उठून येतात. पूर्वाभिमुख दगड म्हणूनच सकाळी आठला काही दाखवत नाही, अकराच्या सुमाराला वरून ऊन सरकलं की बोलू लागतो. दक्षिणेकडे तोंड असलेला सकाळी लवकर किंवा संध्याकाळी बघावा. वेळ जुळत नसेल तर छत्रीने सावली करून बाजूने टॉर्च मारायचा, नाहीतर आरशाने ऊन वळवायचं. आरसा धरायला मुलांची रांग लागते, म्हणून पाळ्या आधीच ठरवाव्यात. खडू, पीठ किंवा पाणी लावून आकृती उठवायची नाही आणि शेंदूर खरवडायचा नाही. शेंदूर लावलेला दगड कुणाचा तरी देव असतो. पुजाऱ्यांना किंवा गुरवांना आधी विचारायचं, चपला बाहेर काढायच्या.

दुसरं काम धोके बघायचं. दगडांच्या ढिगात विंचू असतात, झाडावर आग्या मोहोळ असू शकतं, पावसाळ्यानंतर कुंपणाला खाजकुइली चढलेली असते. मुलांना एकच नियम सांगतो: कुठलाही दगड उचलायचा नाही, हलवायचा नाही, त्याखाली हात घालायचा नाही. अर्धा गाडलेला वीरगळ असेल तर अर्धाच बघायचा. उकरायचा मोह मोठ्यांनाच जास्त होतो.

सोबत बारा मुलांना दोन मोठे, त्याहून जास्त मुलं नकोत. तीन थांबे, मिळून दीड तास, चालणं एक किलोमीटरच्या आत. पाठीला पुठ्ठा लावलेले कागद, पेन्सिली, पाच मीटरची टेप, टॉर्च, आरसा, छत्री, पाणी. एवढं पुरतं.

कागदावर मी आधीच चार चौकटी एकावर एक आखून देतो आणि खालच्या चौकटीत १ लिहितो. कारण वीरगळ खालून वर वाचायचा असतो आणि मुलं चित्र नेहमी वरून काढायला लागतात. आकडा घातला नाही तर गोष्ट उलटी होते: माणूस आधी स्वर्गात जातो आणि मग मरतो. दोन मुलांना एक चौकट वाटून द्यावी. सगळं चित्र एकट्याला दिलं की दुसऱ्या चौकटीपर्यंत हात दुखतो आणि उरलेल्यात रेघोट्या येतात.

आता सगळ्यात अवघड भाग, तोही आपल्यासाठी. दहा मिनिटं गप्प राहायचं. “हा वीरगळ, लढाईत मेलेल्या वीराचा” हे वाक्य एकदा बोललं की मुलं दगडाकडे बघायचं थांबवून आपल्या तोंडाकडे बघतात. “हे काय आहे?” हाही प्रश्न नको, तो परीक्षेसारखा वाटतो. मी मोजता येतील असेच प्रश्न विचारतो. या चौकटीत माणसं किती? कोण आडवं आहे? हातात काय आहे? कुणाचे पाय जमिनीला टेकलेले नाहीत? गाई आहेत का? या उत्तरांतून गोष्ट आपोआप जुळते. सर्वसाधारणपणे तळाला पडलेला वीर, काही ठिकाणी त्याच्याशेजारी ज्यांच्यासाठी लढला त्या गाई, त्यावर लढाई, त्यावर त्याला उचलून नेणाऱ्या अप्सरा, सर्वांत वर तो शिवलिंगाची पूजा करताना. माथ्यावर कलश, बाजूला सूर्य-चंद्र, म्हणजे ते आहेत तोवर त्याची आठवण राहावी. क्रम आणि चौकटींची संख्या जागोजागी बदलते. बोरिवलीजवळच्या एक्सरच्या वीरगळांवर तर जहाजांची लढाई कोरलेली आहे. म्हणून पाठ केलेलं सांगण्याआधी आपणही समोरचा दगड बघावा.

शेजारी सतीशिळा असण्याची शक्यता बरीच असते: काटकोनात वाकलेला हात, त्यात बांगड्या, उघडा तळवा. प्रश्न येतोच. पहिली-दुसरीच्या मुलांना मी “एका बाईच्या आठवणीचा दगड” एवढंच सांगतो. तिसरी-चौथीच्या मुलांना खरं सांगतो, दोन वाक्यांत: नवरा मेल्यावर काही बायकांना त्याच्याबरोबर जाळलं जायचं, ती वाईट प्रथा होती आणि सुमारे दोनशे वर्षांपूर्वी कायद्याने तिच्यावर बंदी आली. तिचं कौतुकही नको आणि वर्णनही नको.

तोवर कुणीतरी गावकरी येऊन सांगतो की हे पांडवांनी एका रात्रीत केलं, किंवा सगळं शिवाजी महाराजांच्या वेळचं आहे. त्यांना खोडून काढू नये. मुलांच्या कागदामागे तीन रकाने असतात, त्यांत लिहून घ्यावं. पहिला “दगडात दिसतं”, दुसरा “लोक सांगतात”, तिसरा “आम्हाला वाटतं”. पांडव दुसऱ्यात जातात. मुलांना हे वर्गीकरण फार पटकन जमतं आणि मग ती आपल्यालाही सोडत नाहीत: “सर, हे तुम्हाला कसं कळलं?” चुन्याशिवाय रचलेलं प्रत्येक देऊळ हेमाडपंती, हे आपलं आवडतं वाक्यही त्यामुळे मुकाट्याने दुसऱ्या रकान्यात घालावं लागतं. हेमाडपंत यादवांचे मंत्री, तेराव्या शतकातले. तशी देवळं त्यांच्या आधीही बांधली जात होती.

दुसरा थांबा आकडे असलेल्या जागेचा: देवळाची पायरी, बारव, वाड्याची चौकट. शके लिहिलेला असेल तर त्यात ७८ मिळवायचे. शके १५९६ म्हणजे १६७४, राज्याभिषेकाचं वर्ष. ही बेरीज आधी फळ्यावर करून घ्यावी. तिथी पौष-माघ-फाल्गुनातली असेल तर बहुधा ७९ मिळवावे लागतात, पण ते आपल्यापाशी ठेवावं. झिजलेल्या दगडावर १ आणि ९ सारखे दिसतात. संवत्सराचं, म्हणजे प्रभवपासून सुरू होणाऱ्या साठ वर्षांच्या चक्रातल्या त्या वर्षाचं नाव कोरलेलं असेल तर ताळा करता येतो: शकात १२ मिळवून ६० ने भागायचं, बाकी जितकी, तितकं नाव प्रभवपासून मोजायचं, बाकी शून्य आली तर साठावं. १५९६ ला बाकी ४८ येते, म्हणजे आनंद. नाव जुळलं नाही तर बहुधा आकडा चुकीचा वाचलाय.

कागद ठेवून पेन्सिल घासत ठसा घ्यायला मुलांना खूप आवडतं, पण वीरगळावर आणि शिलालेखावर ते करू देत नाही. संरक्षित स्मारकाचा फलक असेल तिथे तर परवानगीशिवाय ठसा घेण्याचा प्रश्नच नाही. ही हौस शाळेच्या कोनशिलेवर किंवा नाण्यांवर भागवावी. कागद पातळ हवा, मेणखडू आडवा धरायचा आणि एकाने कागद दाबून ठेवायचा. कागद सरकला की अक्षरं दुहेरी उमटतात.

तिसरा थांबा आजी-आजोबांचा. “तुमच्या काळी कसं होतं?” असं विचारलं की “फार चांगलं होतं” एवढंच मिळतं. “आजी, पाणी कुठून आणायचात?”, “आजोबा, शाळेत जाताना पायात काय असायचं?” असे पाच प्रश्न, दोन मुलं, पंधरा मिनिटं. रेकॉर्डिंग करायचं तर विचारून, पंखा बंद करून, फोन जवळ ठेवून. साल विचारू नये, बहुतेकांना आठवत नाही. त्याऐवजी खुणेची घटना द्यावी. १९७२ चा दुष्काळ जवळजवळ सगळीकडे चालतो. तेव्हा वाटलेल्या सुकडीचं आणि मिलो ज्वारीचं नाव काढलं की पुढचं आपोआप येतं. कोयनेच्या बाजूला ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप, लातूर-धाराशिवकडे ३० सप्टेंबर १९९३ चा, पुण्यात १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर. “घर दुष्काळाच्या आधीचं की नंतरचं?” याला नक्की उत्तर मिळतं.

शाळेचं जनरल रजिस्टर हा मोठा खजिना आहे, पण मुलांच्या हातात देऊ नये. त्यात जातीची नोंद असते. पहिल्या पानावरचं वर्ष आणि गावाच्या नावाचं जुनं स्पेलिंग वा लेखन तेवढं आपण उतरवून आणावं. आळ्यांच्या नावांबाबतही हीच काळजी. जातिवाचक वस्त्यांची नावं बदलण्याचा निर्णय राज्य शासनाने २०२० मध्ये घेतला. जुनं नाव विचारताना कुणाला चिडवायचं साधन मिळणार नाही हे बघावं.

वर्गात परतल्यावर दहा मीटर सुतळी ताणतो. एक वर्ष म्हणजे एक सेंटिमीटर, एक टोक आज. आठ वर्षांचं मूल आठ सेंटिमीटरवर चिमटा लावतं, आजीचा चिमटा सत्तरच्या आसपास. राज्याभिषेक साधारण साडेतीन मीटरवर येतो आणि यादवांचा शेवट सात मीटरच्या थोडा पुढे. “फार फार पूर्वी” या एका ढिगात पडलेल्या गोष्टी इथे वेगळ्या होतात. वीरगळावर साल नसेल तर त्याला चिमटा लावायचा नाही. त्याचं चित्र सुतळीखाली जमिनीवर ठेवायचं. मुलं यावर वाद घालतात, घालू द्यावा.

कुठे नोंद नसलेला अक्षरांचा दगड सापडला, तर टेप शेजारी धरून समोरून आणि बाजूने फोटो काढावेत, जागा लिहून घ्यावी आणि ग्रामपंचायतीला, तसंच राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाला कळवावं. दगड शाळेच्या आवारात “सुरक्षित” आणून ठेवू नये. जागा बदलली की तो तिथे का होता, याचा पुरावा जातो.