आमची वाटचाल: आलं, लिंबू आणि तो डिस्ट्रिब्युटर

धंदा कसा सुरू झाला हे सगळे विचारतात, त्यात सांगण्यासारखं फार काही नाहीये खरं तर. माझ्या मोठ्या जाऊबाई आलं-लिंबाचा चहा फक्कड करायच्या, येणारे जाणारे प्यायचे, मग कोणीतरी म्हणालं की अर्क करून बाटलीत भरून द्या ना, ऑफिसात गरम पाणी ओतलं की झालं. तिथून सुरुवात. आलं त्यांच्याकडे, लिंबू माझ्याकडे, अजूनही तसंच आहे.

जाऊबाईंची किसणी मात्र बघण्यासारखी आहे. स्टीलची, बारीक भोकांची, दांडा केव्हाच निखळलाय तो तारेने बांधलाय. मधे आम्ही मोठं मिक्सर-ग्राइंडर आणलं, म्हटलं हात वाचतील, पण मिक्सरमधे आल्याच्या दोऱ्यांचा इतका बारीक भुगा होतो की तो फडक्यातून निसटतो आणि बाटलीत तरंगत बसतो. किसलं की दोरे लांब राहतात, पिळलं की चोथा फडक्यातच. ते मिक्सर आता चटणीला. आणि रस काढला की लगेच उकळायला ठेवायचा नाही हां, तासभर टोपात निवांत ठेवायचा, तळाला पांढरा साका बसतो, तो स्टार्च. वरचा रस अलगद ओतून घ्यायचा. साका राहिला तर गरम केल्यावर खळीसारखं दाटतं. हे आम्हाला कुणी शिकवलं नाही.

मधली वर्षं बरी गेली. माल जात होता, पैसे येत होते.

आता तो डिस्ट्रिब्युटर. नाव घेत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळेल. आमचा माल त्याच्यामार्फत बऱ्याच दुकानांत लागला होता, चांगलं चाललं होतं, आणि एक दिवस म्हणतो, ताई, लेबलवर प्रतिकारशक्ती वाढवतो, चरबी जाळतो असं टाका ना, सगळेच टाकतात. मी म्हटलं चरबी कुठली जळते हो, गरम पाणी, आलं, लिंबू आणि साखर आहे, आणि साखर किती आहे ते मला विचारा, ब्रिक्स, म्हणजे विरघळलेल्या साखरेचं शेकडा माप, ६५ च्या खाली गेलं तर माझी बाटली टिकत नाही. मळमळीला आल्याचा उपयोग होतो, घसा शेकतो, पिऊन बरं वाटतं, एवढं मी छातीठोक सांगेन. त्यापुढचं लिहिणार नाही म्हटलं. त्याला राग आला असावा, कारण पुढच्या महिन्यात आमच्या जागेवर दुसऱ्याचं पाऊच लागलं.

ते पाऊच मी विकत आणून फोडलं, बघायला नको का? सायट्रिक अॅसिड, साखर, इसेन्स, आणि सुंठीची चिमूट. सुंठ वाईट नाही, आलं वाळलं की त्यातलं जिंजेरॉल, म्हणजे तिखटपणा देणारं द्रव्य, बदलून शोगाओल होतं, ते जास्त झणझणीत, म्हणून चिमटीतच जीभ चुरचुरते आणि माणसाला वाटतं वा काय आलं आहे! लिंबाचा त्यात थेंब नव्हता आणि पुढे चित्र मात्र कापलेल्या लिंबाचं, वर पाण्याचे थेंब वगैरे.

पण खरा घाव पुढे. त्याने आमच्या उरलेल्या सगळ्या बाटल्या परत पाठवल्या, खोकेच्या खोके, माल खराब म्हणून. रस तपकिरी पडलेला. आता ज्याने लिंबावर काम केलंय त्याला माहितीये की लिंबाचा रस उष्णतेत आणि उजेडात ठेवला की क जीवनसत्त्व मोडतं आणि रंग काळवंडतो, हे खोके त्याच्या पत्र्याच्या गोडाऊनमधे उन्हात पडून होते, आमच्या माणसाने स्वतः बघितले, तरी बिल अडकवलं ते अडकवलंच. पुढचं लिंबू आणायला हातात पैसे नाहीत, बाटल्यावाला दारात, आणि जाऊबाई म्हणतात सोडून देऊ. रात्री हिशेबाची वही उघडायची भीती वाटायची. त्या पैशांतले काही आजतागायत आले नाहीत, हे लिहून ठेवते.

तेव्हा गाण्याच्या बाई होत्या म्हणून निभावलं. पहिल्यापासूनच्या गिऱ्हाईक, क्लासच्या आधी कोमट घेतात. रिकाम्या बाटल्या धुऊन परत देतात आणि लेबलवर पेन्सिलीने लिहून पाठवतात. एकदा लिहिलं होतं, "या खेपेला आलं कोवळं होतं का? तिखट मागाहून लागलं नाही." खरंच कोवळं होतं! जुन्या आल्याला दोरे जास्त पण तिखटपणाही जास्त, आणि जीभेने एवढं ओळखणारं माणूस मला दुसरं भेटलेलं नाही. त्यांनी विद्यार्थ्यांच्या पालकांना सांगितलं, ते थेट घरून न्यायला लागले, रोख. हळूहळू दुकानांची गरजच राहिली नाही.

घरी करणाऱ्यांसाठी सांगते, कुणी विचारलं नसलं तरी. आलं झाकण ठेवून आठ-दहा मिनिटं मंद आचेवर उकळा, गॅस बंद करा, थोडं निवू द्या आणि मग लिंबू, उकळत्यात पिळलंत तर वास आणि क जीवनसत्त्व दोन्हीचं नुकसान. बिया चिरडू नका, सालाखालचा पांढरा भाग पिळू नका, त्यातला कडूपणा लगेच कळत नाही, रस ठेवला की काही तासांनी उतरतो आणि मग लोक म्हणतात लिंबू खराब निघालं. अॅल्युमिनियमच्या पातेल्यात अजिबात नको, लिंबाच्या रसाचा पीएच २ ते ३ च्या मधे असतो, म्हणजे चांगलाच आम्ल, भांडं खातो तो. चहापत्ती घातली असेल आणि लिंबू पिळल्यावर रंग फिका पडला तर घाबरू नका, आम्लाने तसं होतंच. वर्षाच्या आतल्या बाळाला मध घालून देऊ नका, आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर रोज भरपूर आलं घ्यायच्या आधी डॉक्टरांना विचारा. दात आंबत असतील तर नंतर साध्या पाण्याने चूळ भरा, लगेच ब्रश घासू नका.

आणि हो, त्या डिस्ट्रिब्युटरचा मधे फोन आला होता. ताई, हल्ली लोक खरं लिंबू मागतात म्हणे, शंभर खोकी द्या, महिन्याच्या उधारीवर. मी म्हटलं आधी जुनं बिल, मग नवीन खोकी, आणि खोकी सावलीत ठेवणार हे लिहून द्या. बघतो म्हणाला. जाऊबाई मागून किसत किसत हसत होत्या.