आधी काय बिघडलं?

समुपदेशनासाठी येणारी जोडपी, आणि कधी लग्नकार्यात भेटलेले ओळखीचेही, मला एक प्रश्न हमखास विचारतात: "मॅडम, आमचं पटेनासं झालं म्हणून हिला डिप्रेशन आलं, की डिप्रेशनमुळे पटेनासं झालं?" त्याचं उत्तर इथे सांगते.

दोन्ही खरं असू शकतं. जॉर्ज ब्राउन आणि टिरिल हॅरिस यांनी लंडनच्या कॅम्बरवेल भागातल्या बायकांचा अभ्यास १९७८ साली मांडला. मोठं संकट कोसळूनही ज्यांना नवऱ्यापाशी मन मोकळं करता येत होतं, त्यांच्यात नैराश्य बरंच कमी आढळलं. पुढे १९९९ मध्ये अमेरिकेत मार्क व्हिसमन आणि मार्था ब्रूस यांना दिसलं, की संसारात असमाधानी असलेल्यांना वर्षभरात नैराश्य येण्याची शक्यता समाधानी लोकांच्या सुमारे २.७ पट होती. उलट्या बाजूनेही हे चालतं. नैराश्यात झोप उडते, बारीकसारीक गोष्टींवरून चिडचिड होते, जवळ येण्याची इच्छाच मावळते. जोडीदाराला वाटतं, आपण नकोसे झालो. मग तोही बोलायचं टाळतो, आणि आजारी माणूस आणखी एकटा पडतो. त्यातून घर दोन खोल्यांचं, बाहेरच्या खोलीत सासूसासरे, मधे मुलं. मनातलं बोलायलासुद्धा आडोसा नसतो, तिथे शरीराच्या जवळिकीचं काय!

यातल्या एका गोष्टीबद्दल मला अगदी कळकळीने बोलायचं आहे: गोळ्या. नैराश्यावर सर्रास दिल्या जाणाऱ्या एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिनसारख्या गोळ्यांमुळे अनेकांची कामेच्छा कमी होते, तृप्तीला फार वेळ लागतो किंवा ती येतच नाही. हा दुष्परिणाम अजिबात दुर्मीळ नाही. पण डॉक्टर विचारत नाहीत, पेशंट लाजेने सांगत नाही. नवरा-बायको एकमेकांवर संशय घेतात, "आता माझ्यात रस उरला नाही" इथपर्यंत गोष्ट जाते आणि एक दिवस गोळ्या परस्पर बंद होतात. एकदम बंद केल्या की चक्कर येते, डोक्यात झटके बसल्यासारखं वाटतं; आजार उलटण्याचाही धोका असतो. खरं तर यावर उपाय असतात. डॉक्टर डोस कमी करू शकतात, किंवा बुप्रोपिऑन, मिर्टाझापिन अशा, हा त्रास तुलनेने कमी देणाऱ्या गोळ्यांचा विचार करू शकतात. फक्त त्यांना सांगायला हवं. "गोळी सुरू झाल्यापासून संबंधांत फरक पडलाय" एवढं एक वाक्य पुरतं. तोंडाने बोलवत नसेल तर चिठ्ठीवर लिहून द्या. मधुमेह, थायरॉइड, रक्तदाबाच्या काही गोळ्या यांनीही असंच होतं, म्हणून तेही तपासून घ्यावं.

"आधी काय बिघडलं" या प्रश्नामागे बहुतेक वेळा "चूक कोणाची" हा प्रश्न दडलेला असतो. म्हणून मी दोघांनाही बोलावते. नैराश्यासोबत नात्यातही ताण असेल, तर जोडप्याने एकत्र घेतलेल्या उपचाराने दोन्हींत सुधारणा होऊ शकते. नवरे बहुधा दारापर्यंत येऊन बाहेरच बसतात. त्यांना आत बोलवायला मी स्वतः उठून जाते.

जिथे मारहाण आहे, धाक आहे, जबरदस्ती आहे, तिथे मात्र मी दोघांना एकत्र बसवत नाही. तिथे आधी तिची सुरक्षितता पाहायची. नात्यातल्या समाधानाची चर्चा त्या घडीला नकोच. अशी बाई एकटी आली तर तिला मी एकटीलाच भेटते, आणि ती काय बोलली हे घरच्यांनी कितीही विचारलं तरी सांगत नाही.