आमची वाटचाल : तुमसरच्या शेडमधून निघालेला पडदा

आमची शेड तुमसरच्या बाहेर आहे, तीन बाजूंनी धानाच्या बांध्या. इथे हायड्रोजन गाळणारे, म्हणजे मिश्र वायूतून फक्त हायड्रोजन पार होऊ देणारे, मिश्रधातूचे पातळ पडदे तयार होतात, हे नागपूरच्या कित्येक लोकांना आजही खरं वाटत नाही. अशा पडद्यांचा नेहमीचा धातू, पॅलेडियम, परवडेना म्हणून आम्ही व्हॅनेडियमकडे वळलो असं सांगितलं जातं. ते अर्धंच खरं आहे. व्हॅनेडियम स्वस्त तर आहेच, पण त्यातून हायड्रोजन पॅलेडियमपेक्षा वेगाने पार होतो. मात्र त्याच्या पृष्ठभागावर ऑक्साइड बसतो आणि तिथे हायड्रोजनचा रेणू फुटत नाही, म्हणून दोन्ही अंगांना पॅलेडियमचा नावापुरता मुलामा चढवावा लागतो.

सुरुवातीला आम्ही दोघंच होतो, मी आणि भाऊ. भाऊंचा हात टिग वेल्डिंगवर बसलेला, आणि विजेच्या ठिणगीने धातू वितळवणारी आर्क भट्टी जुनी विकत घेतलेली. तांब्याच्या थंड मुशीत मिश्रधातूची गोळी वितळवायची, उलटवायची, पुन्हा वितळवायची. आर्गॉनमधला उरलासुरला ऑक्सिजन खाऊन टाकायला आधी टायटॅनियमचा तुकडा वितळवायचा. हे ज्याने टाळलं, त्याचा माल रोलवरच चिरला. शंभरातले पंधरा अणू निकेलचे ठेवले की पत्रा हायड्रोजन कमी पितो आणि कमी फुगतो, पण तेवढाच तो लाटायला कठीण होतो. दर काही फेऱ्यांनी निर्वातात तापवून मऊ करावा लागतो. आमच्या जुन्या रोलवर भाऊ हाताने दाब देत, कान लावून.

पुढची काही वर्षं काम नीट चाललं.

मग तो उन्हाळा आला. एका मोठ्या गिऱ्हाइकाकडे आमचा पडद्यांच्या चकत्यांचा संच अमोनिया क्रॅकरच्या, म्हणजे अमोनिया तापवून फोडणाऱ्या यंत्राच्या, पुढे बसवला होता. क्रॅकरमधून तीन भाग हायड्रोजन आणि एक भाग नायट्रोजन येतो, आणि स्टेनलेसच्या चकचकीत अ‍ॅनिलिंगला, म्हणजे चकाकी राखून तापवून मऊ करण्याला, हा नायट्रोजन नडतो. रात्री लाइन गेली, जनरेटर लागला नाही, आणि पाळीवरच्या माणसाने हायड्रोजन आतच ठेवून संच थंड होऊ दिला. आम्ही दारावर मराठीत आणि हिंदीत लिहून लावलं होतं : आधी हायड्रोजन काढा, आर्गॉन सोडा, मग आंच कमी करा. व्हॅनेडियम जसा थंड होतो तसा जास्त हायड्रोजन ओढतो. सकाळी चकत्या पापडासारख्या तडकलेल्या.

ठपका आमच्यावर आला. बिल अडवलं, तापमानाचा आलेख मागितला तर दाखवला नाही, आणि महिन्याभरात ‘तुमसरचा माल फुटतो’ हे सगळीकडे पोचलं. ऑर्डरी परत गेल्या. बँकेचा हप्ता थकला. भाऊंनी पगार घेतला नाही, हे मी विसरणार नाही.

त्या वेळी उमरेडचे काकाजी नसते तर शेडला कुलूप लागलं असतं. त्यांच्या भट्टीत त्याच गोळीचा, त्याच पत्र्याचा संच चालू होता. म्हणाले, “काऊन घाबरून राहिला गा? माह्याच मशीनमधल्या चकत्या काढ, फोडून पाहू.” चालतं काम थांबवून त्यांनी दोन चकत्या दिल्या. एक आर्गॉन सोडून थंड केली, दुसरी हायड्रोजनमध्येच. पहिली आम्ही वाकवली तरी तुटली नाही. दुसरी हात लावताच गेली. काकाजींनी दोन्ही पुड्या स्वतः त्या गिऱ्हाइकाच्या टेबलावर ठेवल्या. तिथे कोणी काही बोललं नाही, पण पैसेही सुटले नाहीत.

याच काळात आमचाच एक संच कापून पाहून दुसऱ्याने अर्ध्या किमतीत माल काढला. त्याने निकेल घातलंच नाही, कारण निव्वळ व्हॅनेडियम सहज लाटलं जातं. दिसायला पत्रा आमच्यापेक्षा सुबक. आमच्या मालाला तो गावठी म्हणायचा. त्याचे पडदे कोणाकोणाकडे फुटले ते धंद्यातल्या सगळ्यांना माहीत आहे, पण तेव्हा गेलेली आमची गिऱ्हाइकं पुरती परत आली नाहीत.

नवीन मुलं हायड्रोजनच्या मागे लागली आहेत. केंद्राच्या हरित हायड्रोजन मिशनला २०२३ मध्ये १९,७४४ कोटी मंजूर झाले, त्यामुळे साहजिक आहे. त्यांना सांगतो, गळती गार असताना तपासून पावती देऊ नका, संच तापवून हेलियमने तपासा. चारशे अंशांच्या वर संच चालवायचा आग्रह कोणी धरला तर नाही म्हणा, पॅलेडियम आतल्या धातूत मुरतं आणि पडदा मंदावतो. तापमान आणि दाबाचा आलेख आपल्या ताब्यात राहील असं करारात लिहून घ्या. आणि लहान उद्योग म्हणून सरकारची उद्यम नोंदणी आधी करा. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या २००६ च्या कायद्याने लहान उद्योगाचे पैसे ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या ‘बँक रेट’च्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं. त्याच कायद्याखाली आमचा अर्ज दाखल आहे, आणि ते अडवलेलं बिल आम्ही व्याजासकट घेणार आहोत.