तुम्ही विचारलंत म्हणून : १४ एप्रिलला भायखळ्याला कशासाठी?

दर वर्षी १४ एप्रिलला दुपारी भायखळ्याच्या अग्निशमन दलाच्या मुख्यालयात मी कशासाठी जातो आणि तिथे आमच्यापैकी कोणी नोकरीला होते का, हे मला इतक्यांनी विचारले आहे की उत्तर एकदा लिहून ठेवलेले बरे. आमचे तिथे कोणीही नव्हते. मी जातो तो आवारातल्या एका स्मारकासाठी. १९४४ साली मुंबईच्या गोदीत झालेल्या स्फोटात मरण पावलेल्या ६६ अग्निशामक जवानांचे ते स्मारक आहे. हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो तो याच घटनेमुळे. पण ज्या शहरात ती घडली तिथल्या बहुतेकांना हे स्मारक कुठे आहे ते ठाऊक नसते.

‘फोर्ट स्टिकिन’ हे मालवाहू जहाज फेब्रुवारीत इंग्लंडहून निघाले आणि कराचीमार्गे १२ एप्रिलला मुंबईत पोहोचले. त्यावर सुमारे १,४०० टन दारूगोळा होता आणि कराचीत त्यात कापसाच्या हजारो गाठींची भर पडली होती. शांततेच्या काळात स्फोटके आणि कापूस एकाच जहाजात भरायला कोणी धजावले नसते, परंतु युद्धात जहाजांचा तुटवडा होता आणि नियम बाजूला ठेवणे अंगवळणी पडले होते. स्फोटके वाहणाऱ्या जहाजाने लावायचा लाल बावटाही त्यावर नव्हता. १४ तारखेला दुपारी दोनच्या सुमारास दुसऱ्या क्रमांकाच्या फाळक्यातून, म्हणजे माल भरायच्या कप्प्यातून, धूर येताना दिसला. कोणीतरी टाकलेल्या सिगारेटमुळे आग लागली असावी, असे तेव्हापासून बोलले जाते.

मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतात ते त्यानंतरचे दोन तास. बंबांनी जहाजात ९०० टनांहून अधिक पाणी सोडले, पण आगीचे मूळ सापडेना, कारण कापूस आतल्या आत धुमसत राहतो आणि त्याच्या गाठी पाण्यावर तरंगतात. म्हणजे पाणी जसजसे चढत गेले, तसतसा जळता कापूसही वर उचलला जाऊन दारूगोळ्याच्या अधिक जवळ गेला असणार. जहाज तिथेच बुडवावे की खोल पाण्यात ओढून न्यावे, यावर अधिकाऱ्यांचे एकमत होईना आणि तोवर जवान हातातले पाइप न सोडता धक्क्यावर उभे होते. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाच्या आत दुसरा. जवळपासची जहाजे फुटली, वखारी पेटल्या, जळता कापूस आकाशातून वस्त्यांवर पडला आणि सुमारे ८० हजार माणसे बेघर झाली. सिमल्याच्या भूकंपमापक यंत्रावरही हादऱ्याची नोंद झाली.

माझी आजी तेव्हा गिरगावात राहत होती. फडताळातली भांडी खाली आली तेव्हा जपान्यांनी बाँब टाकला असेच तिला वाटले, आणि अर्ध्या मुंबईलाही तेच वाटले होते. युद्धकाळातल्या निर्बंधांमुळे वर्तमानपत्रांना सविस्तर बातमी देता आली ती थेट मे महिन्यात. तोपर्यंत अफवांना रान मोकळे होते.

हा विषय काढला की समोरचा माणूस हटकून सोन्यावर येतो. जहाजावर सोन्याच्या विटा होत्या, स्फोटात त्या दूरवर उडाल्या, त्यातली एक म्हणे मैलभर अंतरावरच्या एका पारशी गृहस्थाच्या घरात येऊन पडली, आणि पुढे कित्येक वर्षे गोदीतला गाळ काढताना विटा सापडत राहिल्या. गोष्ट रंजक आहे, मीही ती चवीने सांगितली आहे. मात्र त्या विटा १२४ होत्या हे कागदोपत्री पक्के आहे, आणि माणसे किती गेली हे विचारले तर कोणी आठशे सांगतो, कोणी तेराशे.

जवानांचा आकडा मात्र ६६ असा नेमका आहे. माझ्या समजुतीप्रमाणे त्याचे कारण साधे आहे: दलात रोज हजेरी घेतली जात असणार, म्हणून संध्याकाळी कोण परतले नाही ते कळले. गोदीत रोजंदारीवर ओझी वाहणारे, पडावांवरचे खलाशी, वखारींच्या आडोशाला संसार मांडलेली कुटुंबे, यांची हजेरी कोण घेणार होते? त्यांतले बरेचसे पोटासाठी गाव सोडून आलेले होते, आणि गावाकडे पैसे येणे थांबले, एवढीच काय ती बातमी घरी पोहोचली असेल.

यंदा मी पोहोचलो तेव्हा चार वाजायला थोडा अवकाश होता. सकाळचा मानवंदनेचा कार्यक्रम आटोपला होता, पुष्पचक्रांतला झेंडू उन्हाने मऊ पडला होता आणि त्याच्या देठांवर मुंग्या लागल्या होत्या. चार वाजून सहा मिनिटे होईपर्यंत मी तिथे उभा राहिलो. परत निघालो तेव्हा फाटकावरच्या तरुण पहारेकऱ्याने विचारले, “काका, स्फोटात सहासष्टच माणसं गेली ना?” मी म्हणालो, “ते फक्त बंबवाले.” “मग बाकीचे किती?” मी त्याला दोन्ही आकडे सांगितले. त्याने मान हलवली, नोंदवही माझ्यापुढे सरकवली आणि माझ्या नावासमोर बाहेर पडल्याची वेळ लिहायला सांगितली.